मतदारयादीत न बसणारे वय

निवडणूक जाहीर झाली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मतदानापूर्वी शाई लावलेले बोट उंचावणारी हसरी तरुण मंडळी शासकीय फलकांवर झळकतात, आणि मतदानानंतर टक्का वाढला नाही असे आढळले की त्याच तरुण मंडळींच्या उदासीनतेबद्दल हळहळ व्यक्त केली जाते. ह्या दोहोंच्या मधल्या काळात किती तरुणांना मतदान करणे प्रत्यक्षात शक्य होते, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. उदासीनता हे निदान मोठे सोयीचे आहे. ते एकदा केले की रोग्यालाच दोष देता येतो, दवाखान्याची तपासणी करावी लागत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते. त्यांपैकी अठरा-एकोणीस वर्षे वयाचे मतदार होते सुमारे १ कोटी ८० लाख. लोकसंख्येचे अंदाज पाहिले तर ह्या वयाची मुले-मुली देशात पाच कोटींना थोडी कमी भरतात. म्हणजे नव्याने हक्क मिळालेल्या दर पाच जणांमागे दोन नावेही यादीत आलेली नव्हती. मतदानाच्या टक्केवारीची चर्चा करताना आपण विसरतो की, ती टक्केवारी यादीतील नावांवर काढलेली असते. जे सुमारे तीन कोटी तरुण यादीतच नाहीत, त्यांची गैरहजेरीदेखील कोठे मांडली जात नाही. राज्याराज्यांतील तफावत तर अधिकच बोलकी आहे. तेलंगणात ह्या वयाच्या सुमारे दोन-तृतीयांश तरुणांची नोंदणी झाली होती; बिहार आणि दिल्लीत ती एक-पंचमांशाच्या आसपास होती. पुरोगामी म्हणविणारा महाराष्ट्रही खालच्याच रांगेत होता. उदासीनता हा त्या वयाचाच गुण असता, तर तो हैदराबादेत आणि पाटण्यात इतका निरनिराळा दिसता ना.

घरधन्याची यादी

डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती संमत केली आणि मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अठरा वर्षांच्या मुलामुलींनी प्रथमच लोकसभेसाठी मत दिले. घटनेतील एक आकडा त्या वेळी बदलला. तो आकडा ज्या यंत्रणेत बसवायचा ती यंत्रणा मात्र आहे तशीच राहिली. ही यंत्रणा घराभोवती उभारलेली आहे. मतदारयादी तयार होते ती गल्ली, घर क्रमांक, कुटुंब अशा क्रमाने. यादी करणारा घरी येतो, घरातील कर्त्या माणसाला विचारतो, आणि तो सांगेल त्याप्रमाणे नावे घालतो किंवा कमी करतो. जो एका जागी राहतो, ज्याच्या नावावर विजेचे बिल येते, ज्याला शेजारीपाजारी ओळखतात, अशा स्थिरावलेल्या गृहस्थाला ही पद्धत फार चांगली मानवते. वयाची अठरा ते पंचवीस ही वर्षे मात्र घर सोडण्याची असतात. शिक्षण, नोकरी, लग्न ह्यांपैकी काही ना काही माणसाला जागेवरून हलवीत असते. यादी घराची आणि मतदार वाटेवरचा, ही ह्या सगळ्या अडचणींच्या मुळाशी असलेली विसंगती आहे.

असे पूर्वीही घडलेले आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन ह्यांच्या देखरेखीखाली सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली. जगाने तिचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. परंतु त्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रिया वगळाव्या लागल्या. त्यांनी आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. यादी करणाऱ्यांना घर दिसत होते, घरातली बाई वेगळी दिसत नव्हती. त्या स्त्रियांना कोणी उदासीन म्हटले असेल असे वाटत नाही. आज तोच प्रकार निराळ्या रूपाने तरुणांच्या वाट्याला आलेला आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे मतदाराने त्या मतदारसंघाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असले पाहिजे. विसावे कलम सांगते की, केवळ एखाद्या ठिकाणी मालकीचे घर आहे एवढ्याने कोणी तेथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला एवढ्याने त्याचे रहिवासीपण जातही नाही. ही तरतूद उदार आहे हे मान्य केले पाहिजे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरी किंवा शिक्षणाच्या गावी, दोहोंपैकी एका ठिकाणी नाव नोंदविण्याची मुभा निवडणूक आयोगाने दिलेली आहे. अट एवढीच की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व किमान एक वर्षाचा असावा आणि संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडलेले असावे. कागदावर ह्यात खोट काढण्यासारखे काही नाही.

पण पुण्यासारख्या शहरात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांपैकी वसतिगृहात जागा मिळते ती थोड्यांना. बाकीचे ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चार किंवा पाच खाटा, दर खाटेचे भाडे वेगळे, आणि पावती असलीच तर साध्या चिठोऱ्यावर. नाव नोंदविण्यासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून वीज-पाण्याचे किंवा गॅसचे बिल, बँकेचे पासबुक, आधार, पारपत्र, नोंदणीकृत भाडेकरार असे कागद चालतात. ह्यांपैकी जे मुलाजवळ आहे त्यावर गावचा पत्ता असतो, आणि ज्यावर पुण्याचा पत्ता आहे ते घरमालकाच्या नावे असते. चार खाटांचा नोंदणीकृत करार करून देण्याची घरमालकाला हौस नसते. त्यात त्याला कर दिसतो. कोणताच कागद नसेल तर प्रत्यक्ष चौकशी करून नाव घालावे अशी सोय आहे. परंतु चौकशीला येणारा माणूस दुपारी येतो, तेव्हा मुलगा वर्गात असतो, आणि दार उघडणारा घरमालक “येथे असे कोणी कायमचे राहत नाही” असे सांगून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने ते खरेही असते.

मग गावच्या यादीतच नाव ठेवावे हे ओघाने आले. माझ्या वर्गातील बहुसंख्य मुले हेच करतात, आणि त्यामागे केवळ कागदांची अडचण नसते. परभणीकडच्या मुलाला पुण्याच्या मेट्रोपेक्षा जायकवाडीचे पाणी जवळचे वाटते. त्याच्या बापाची शेती तेथे आहे, कर्ज तेथल्या सोसायटीचे आहे आणि आज ना उद्या जो आमदार त्याच्या घराच्या उपयोगी पडेल किंवा पडणार नाही तोही तेथलाच आहे. त्याने तेथे मत द्यावे ह्यात गैर काहीच नाही. दोन्ही ठिकाणी नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे; खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे भिडस्त मुलगा गावचे नाव ठेवतो, पुण्याचा विचार सोडून देतो, आणि त्याची खरी परीक्षा मतदानाच्या दिवशी सुरू होते.

मताचा प्रवासखर्च

वाचकांना आठवत असेल की २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभेचे मतदान पाच टप्प्यांत झाले. नांदेड, परभणी, हिंगोली, अकोला, यवतमाळ-वाशीम येथे ते २६ एप्रिलला होते. पुण्यात १३ मे रोजी. २६ एप्रिलला शुक्रवार होता. नांदेडला त्या दिवशी सुटी होती आणि पुण्यात कामाचा दिवस होता, शिवाय परीक्षांचा हंगाम. नांदेडच्या मुलाला मत द्यायचे तर गुरुवारी रात्री निघून सुमारे साडेचारशे किलोमीटर जायचे, शुक्रवारी रांगेत उभे राहायचे आणि पुन्हा तेवढेच अंतर तोडून परतायचे. ज्या १३ मे रोजी पुण्यात त्याला सुटी मिळाली, त्या दिवशी मतदान होते त्याच्या घरमालकाचे. सुटी एका गावाला आणि मत दुसऱ्या गावाला, अशी ही वाटणी आहे.

येथे कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५ (ब) हे कलम १९९६ साली घालण्यात आले. त्याप्रमाणे कोणत्याही धंद्यात, कारखान्यात वा आस्थापनेत कामाला असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळाली पाहिजे, रोजंदारीवरील माणसालाही. न देणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. पाचशे रुपयांच्या दंडाने कोणता मालक वठणीवर येतो हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मुद्दा असा की, हे कलम नोकरीत असलेल्यांसाठी आहे. विद्यार्थी कोणाच्या नोकरीत नसतो, म्हणून त्याला परगावच्या मतदानासाठी सुटी मागण्याचा कोणताच आधार नाही. त्या दिवशी त्याची प्रात्यक्षिक परीक्षा असेल, तर ती द्यावी किंवा मत द्यावे, हा निर्णय त्याने करायचा. पंचविशीतल्या कामगाराला कायदा जे देतो ते एकोणिसाव्या वर्षीच्या विद्यार्थ्याला देत नाही, आणि मतदानाच्या दिवशी वर्गात बसल्याबद्दल उदासीन म्हणतो मात्र त्यालाच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अँथनी डाऊन्स ह्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचे नाव परिचित असेल. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने लोकशाहीकडे अर्थशास्त्राच्या चष्म्यातून पाहिले. एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. म्हणून मत देण्याला येणारा खर्च थोडा जरी वाढला, तरी पुष्कळ माणसे घरी राहतील, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ. माणूस केवळ हिशेब करून मत देत नाही, कर्तव्यबुद्धी नावाची गोष्ट आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो बरोबरच आहे. परंतु खर्चाची बाजू त्यामुळे खोटी ठरत नाही. केंद्र ज्याच्या घरापासून दोन मिनिटांवर आहे त्याच्या कर्तव्यबुद्धीला दोन मिनिटांची किंमत मोजावी लागते. नांदेडच्या मुलाला दोन रात्री, एक दिवस, गाडीभाडे आणि कदाचित एक विषय एवढी मोजावी लागते. इतक्या असमान किमतीला विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या खपावरून गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडीचा निष्कर्ष काढू नये, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.

ह्या खर्चाचे आणखी एक अंग आहे आणि ते अधिक गंभीर आहे. मतदाराला खर्च परवडत नाही तेव्हा तो दुसरा कोणीतरी करतो. मतदाराला केंद्रावर फुकट नेण्यासाठी उमेदवाराने वाहन ठरविणे हा १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचार आहे. तरीही मतदानाच्या आदल्या रात्री पुण्या-मुंबईहून गावाकडे निघणाऱ्या गाड्या कोणाच्या असतात हे विचारण्याची पद्धत नाही. अशा गाडीतून जाणारा मुलगा मत विकत असतो असे मी म्हणणार नाही. पण ज्या गावात पाच-पन्नास मुले बाहेरगावी आहेत, तेथे त्यांना आणणे न आणणे हे ज्याच्या हाती गाडी आहे त्याच्या मर्जीवर राहते, आणि तो कोणाला आणायचे हे पाहूनच आणतो.

ऊसतोडणीच्या कामगारांच्या बाबतीत हे अधिक उघड दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. येथे कोयता म्हणजे एक जोडपे, आणि ही जोडपी बहुतांशी विशी-तिशीतली असतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय तळ सोडता येत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि त्या वर्षीचा गाळप हंगाम सुरू करण्याची तारीख सरकारने १५ नोव्हेंबर ठरविली होती. पाच दिवसांचा हा हिशेब कोणाच्या लक्षात आला नाही असे नव्हे. त्यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. पण ऊस, कारखाना, मुकादम आणि कामगार ह्या साखळीत हंगाम लांबविण्याचे सामर्थ्य कामगाराच्या हाती नव्हते. भरपगारी सुटीचे १३५ (ब) कलम उसाच्या फडात कोणी कोणाला दाखवावे? ज्याने उचल घेतली आहे त्याला सुटी म्हणजे कर्जाचा एक वाढलेला दिवस.

यादीतून नाव जाण्याचा धोकाही अशाच माणसांना अधिक. बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. त्यांतली सुमारे ३६ लाख कायमचे स्थलांतर केलेल्यांची किंवा पत्त्यावर न सापडलेल्यांची होती. हे सगळे तरुण होते असे नाही, आणि मृतांची व दुबार नावे काढलीच पाहिजेत. तथापि सुरत, लुधियाना, पुणे येथे कामासाठी जाणारे बिहारी कोणत्या वयाचे असतात, हे आपण आपल्या बांधकामांवर रोज पाहतो. पत्त्यावर न सापडणे हा त्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे.

मुलींचे नाव आणि सासरचे गाव

मुलींची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्याविषयी बोलले जाते फारच कमी. वर्गात नावनोंदणीचा विषय काढला की मुलगे तारखा आणि कागद ह्यांच्या तक्रारी सांगतात, मुलींपैकी काही जणी शांतपणे म्हणतात, “घरचे म्हणतात, आता काय करायचे आहे? लग्न झाल्यावर तिकडे नाव घालतील.” अठराव्या वर्षी माहेरच्या यादीत नाव नाही, कारण ती जाणार आहे, बाविसाव्या वर्षी सासरच्या यादीत नाव नाही, कारण आडनाव बदललेला कागद अजून आलेला नाही. दरम्यान एक विधानसभा आणि एक लोकसभा होऊन जाते. आयोगाने स्थलांतरासाठी आठ क्रमांकाचा अर्ज ठेवला आहे. पण जेथे मुलीचे नाव मुळात घातलेच गेले नाही, तेथून हलवायचे काय? सुकुमार सेन ह्यांच्या काळातल्या त्या २८ लाख स्त्रियांच्या नाती-पणती आता पदवीधर झाल्या आहेत, आपले नाव ठणठणीतपणे सांगतात. फक्त ते लिहून घेण्याची घाई घरात कोणाला नसते.

काही अडचणी मात्र विनाकारण मोठ्या करून सांगितल्या जातात. महाविद्यालयाचे ओळखपत्र मतदान केंद्रावर चालत नाही अशी ओरड मी ऐकतो. ते खरे आहे. पर्यायी ओळखपत्रांच्या यादीत त्याचा समावेश नाही. पण आज बहुतेक मुलांजवळ आधार किंवा तत्सम काही असते. संगणकावरून अर्ज भरता येत नाही ही तक्रारही, ज्यांचा अर्धा दिवस मोबाइलमध्ये जातो त्यांनी फारशी करू नये. पूर्वी केवळ १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख असे आणि २ जानेवारीला जन्मलेल्याला वर्षभर ताटकळावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीने आता वर्षात चार तारखा झाल्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून ती पद्धत सुरू आहे आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. सुधारणा होतच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु निवडणुकाच झाल्या नाहीत तर अर्हता तारखा घेऊन काय करायचे? मुंबई, पुणे, नागपूर ह्या महापालिकांच्या निवडणुका फेब्रुवारी २०१७ मध्ये झाल्या. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. प्रभागरचना, आरक्षण, न्यायालयातील खटले ह्या कारणांनी निवडणूक लांबत राहिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर हालचाल झाली आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. २०१७ च्या मार्चमध्ये अठरा पूर्ण केलेल्या पुणेकर तरुणाने आपला पहिला नगरसेवक निवडला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी. आणि ही निवडणूक १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेल्या यादीवर झाल्यामुळे, ज्याची अठरा वर्षे ऑगस्टमध्ये भरली तो मतदानाच्या दिवशी साडेअठरा वर्षांचा होऊनही बाहेरच राहिला. जवळजवळ नऊ वर्षे ज्याला पाणी, रस्ता, कचरा ह्या रोजच्या गोष्टींवर मत मागितलेच गेले नाही, त्याला मतदानाची सवय लागावी कोठून? (महाविद्यालयातही ती लागण्याची सोय आम्ही ठेवलेली नाही. १९९४ च्या कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, २०१९ साली त्या घेण्याचे ठरले आणि पुढे ढकलल्या गेल्या.)

दोन गावांचा नागरिक

अन्य लोकशाही देशांनी ह्या प्रश्नाला कसे तोंड दिले आहे? अमेरिकेने १९७१ मध्ये मतदानाचे वय अठरावर आणले. टेक्सस राज्याच्या वॉलर परगण्यात कृष्णवर्णीयांचे एक जुने महाविद्यालय आहे. तेथील नोंदणी अधिकारी विद्यार्थ्यांना एक वेगळीच प्रश्नावली देई: येथे तुमची मालमत्ता आहे काय, शिक्षण संपल्यावर येथेच राहणार काय, इत्यादी. इतर रहिवाशांना हे प्रश्न सरसकट विचारले जात नसत. १९७९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अवैध ठरविणारा निकाल कायम केला. इंग्लंडमध्ये तर विद्यार्थ्याला घरच्या आणि महाविद्यालयाच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नाव नोंदविता येते. संसदेच्या निवडणुकीत मत मात्र त्याने एकाच ठिकाणी द्यायचे. विद्यार्थ्याला दोन घरे असतात ही साधी गोष्ट तेथील कायद्याने मान्य केली आहे. आपल्याकडे तसे करायचे तर दुबार नावांचा प्रश्न अतिशय बिकट होईल; तेव्हा ती नक्कल जशीच्या तशी आणावी असे मी सुचविणार नाही.

दूर राहून आपल्या मतदारसंघात मत देण्याची कल्पना मात्र आपल्याला अपरिचित नाही. सैनिकांना टपालाने मत देता येते. पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांकडे मतदान पथक घरी जाते. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे खास मतदान केंद्रे असतात आणि तेथून ते खोऱ्यातल्या उमेदवारांना मत देतात. म्हणजे मतदार एका गावी आणि मतदारसंघ दुसऱ्या गावी हे गणित सोडविता येते, सोडविले गेले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने देशांतर्गत स्थलांतरितांसाठी एका यंत्राची योजना मांडली. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल असे ते होते. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना ते दाखविण्यासाठी बैठक बोलावण्यात आली, विरोध झाला आणि २०२४ ची निवडणूक त्याशिवाय पार पडली. विरोधकांच्या शंका निराधार नव्हत्या. दूरच्या केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी कोण बसणार, जेथे निवडणूकच नाही तेथे आचारसंहिता कशी लावणार, लहान पक्षाने शंभर शहरांत माणसे कोठून आणायची, ह्यांची उत्तरे दिली गेली पाहिजेत. पण स्थलांतरित मतदाराला आणण्याची गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना ही उत्तरे मिळण्याची घाई नसावी असाही संशय येतो.

यंत्राची वाट पाहत बसण्याची गरज नाही. एका राज्याच्या आत टप्प्याटप्प्याने मतदान होते तेव्हा परगावच्या विद्यार्थ्याला त्याच्या मतदानाच्या दिवशी व आदल्या-नंतरच्या दिवशी हजेरीतून सूट मिळावी आणि त्या दिवसांची परीक्षा पुन्हा घेतली जावी, एवढा नियम विद्यापीठे स्वतःच्या अधिकारात करू शकतील. हंगामाची तारीख ठरविणाऱ्यांनी निवडणुकीची तारीख समोर ठेवावी, हे सरकारला सांगावे लागू नये. मात्र सगळ्यांत मोठी गळती होते ती नोंदणीच्या उंबरठ्यावर, आणि तिचा उपाय सर्वांत सोपा आहे.

महाराष्ट्रात दरवर्षी चौदा-पंधरा लाख मुले-मुली बारावीच्या परीक्षेला बसतात. त्यांपैकी बहुतेकांचे सतरावे वर्ष पूर्ण झालेले असते. राज्य मंडळाजवळ त्यांची नावे, जन्मतारखा, पत्ते, छायाचित्रे आणि सह्या असतात आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी ती माहिती तपासलेली असते. शासनाच्या एका खात्याला ह्या मुलीचे वय आणि घर पक्के ठाऊक आहे. आणि दुसरी सरकारी यंत्रणा तिलाच सांगते की तुझे वय आणि घर सिद्ध कर. परीक्षेच्या अर्जासोबतच नवमतदाराचा सहा क्रमांकाचा आगाऊ अर्ज भरून घ्यावा, प्राचार्यांनी तो गठ्ठ्याने पुढे पाठवावा आणि अठरा पूर्ण होताच नाव यादीत यावे. घरच्यांना विचारण्याचा प्रश्न त्यामुळे आपोआप मागे पडेल, मुलींच्या बाबतीत तर विशेषच. बारावीपर्यंत न पोचलेल्यांसाठी शिधापत्रिकेवरील नावे आणि जन्मनोंदी हाताशी आहेत. त्यांना काम थोडे अधिक पडेल. ह्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याला हात लावावा लागत नाही. राज्य मंडळ आणि राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी ह्यांच्यातील थोड्या पत्रव्यवहाराने हे भागेल. बारावीचे अर्ज दिवाळीच्या सुमारास भरून घेतले जातात. तेव्हा तो पत्रव्यवहार पावसाळ्यातच उरकायला हवा.